आजीला विचारलंस का?

वहीसाठी हात काय पुढे करतोस? आधी उभा राहा. तू लिहिलेलं तूच वाच, वर्गाला ऐकू दे. 'मी एका क्षुल्लक खेड्यातला क्षुल्लक मुलगा. इतिहास दिल्ली-मुंबईत घडतो. आम्ही असलो काय, नसलो काय!' वा! अक्षर मोत्यासारखं आणि मजकूर हा असा. चार सुस्कारे टाकले की निबंध झाला, असं कोणी सांगितलं तुला?

तुमच्या वस्तीमागे पाझर तलाव आहे. शाळा बुडवून पोहायला जातोस ना तिथे? तो कोणी बांधला, कधी विचारलंस? 1972 च्या दुष्काळात तुझी आजी तुझ्याच वयाची होती. त्या बांधावर तिने पाट्या वाहिल्या. रस्त्याच्या कामावर खडी फोडली. एका हाताने दगड धरायचा, दुसऱ्याने हातोडा मारायचा. नेम चुकला की बोट ठेचायचं. चिंधी गुंडाळून पुन्हा बसायचं, कारण मजुरी ढीग मोजून. रात्री अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी. मिलोचं नाव काढलं की त्या पिढीची तोंडं अजून वाकडी होतात.

1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात असे जवळपास 50 लाख लोक दुष्काळी कामांवर होते. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापुरात करून पाहिली होती. ती राज्यभर उभी राहिली ती या माणसांच्या रेट्याने. मोर्चे निघाले, त्यात बायका पुढे. 1977 साली 'मागेल त्याला काम' हा कायदा झाला. 2005 मध्ये देशाने तोच धडा गिरवला. दिल्लीने! तुझ्या त्या दिल्लीने!

पुस्तकात आजीचं नाव नाही, कबूल. पुस्तकवाल्यांशी मी भांडेन. मुकादमाच्या मस्टरवर तिचा अंगठा होता, आणि तू तिच्याच हातची भाकरी खातोस. तिच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाहीस, आणि वर इतिहासावर रुसून बसतोस होय रे?

निबंध पुन्हा लिही. 'क्षुल्लक' शब्द दिसला तर वही बाहेर भिरकावीन. आजी कुठल्या रस्त्याच्या कामावर होती, किती लांब चालत जायची, पहिल्या पगारातून घरात काय आलं, सगळं विचारून ये. काय म्हणतोस? तिला ऐकू कमी येतं? मग जवळ बस आणि मोठ्याने विचार.