आज्ञा आणि संमती

इंदूरचा राजवाडा पाहताना होळकर घराण्याची आठवण होते, आणि त्या घराण्यातील सर्वांत पवित्र नाव म्हणजे अहिल्याबाई. १७६७ ते १७९५ या काळात त्यांनी महेश्वराहून राज्य केले. राजपत्रांवर त्या स्वतःचे नाव न घालता ‘श्रीशंकर आज्ञेवरून’ अशी अक्षरे घालीत. मनुष्य ईश्वराच्या आज्ञेत राहतो म्हणजे आपली इच्छा गमावतो, की तिचे सार्थक करतो? ख्रिस्ती धर्मातील यज्ञ व तारण यांविषयीचा विचारही याच प्रश्नाभोवती फिरतो.

मनुष्यजातीच्या तारणासाठी येशूने क्रूसावर प्राण अर्पण करावे, ही ईश्वराचीच योजना होती, असे तो धर्म सांगतो. कायद्याच्या अभ्यासकास येथे शंका येते. दुसऱ्याचे ऋण फेडता येते; पण दुसऱ्याच्या अपराधाबद्दल निरपराध्यास दंड करणे हा न्याय कसा? अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म या धर्मपंडिताने याचे उत्तर दिले ते असे, की येशूला दंड झाला नाही. जे देणे त्याच्याकडे लागतच नव्हते, ते त्याने आपखुषीने दिले. म्हणजे साऱ्या विचाराचा भार त्या एका संमतीवर आहे. म्हणूनच अटकेपूर्वीच्या रात्रीचा प्रसंग महत्त्वाचा. हा दुःखाचा प्याला टळावा, अशी प्रार्थना येशू प्रथम करतो, आणि मग पित्याची इच्छा स्वीकारतो. नकार शक्य होता, म्हणूनच त्या होकाराला मोल आले. गीतेतही सर्व उपदेश संपल्यावर श्रीकृष्ण अर्जुनास सांगतात, की विचार कर आणि तुला वाटेल तसे कर. अर्जुनाचा होकार त्यानंतरचा आहे.

गोमंतकात मात्र या तत्त्वाची दोन रूपे दिसली. फादर स्टीफन्सने १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त हीच तारणकथा मराठी ओवीतून, श्रोत्यांच्या मनाला आवाहन करीत सांगितली. त्याच भूमीवर १५६० पासून इन्क्विझिशनचा दंडही चालू होता. दडपणाखाली दिलेली संमती ही खरी संमती नव्हे, हे १८७२ चा करार कायदा साध्या व्यवहारातही मानतो. मग मोक्षाच्या व्यवहारात ती कशी चालावी?

हा दोष एका धर्माचा नव्हे. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले, तेव्हा अहिल्याबाई सती जावयास निघाल्या होत्या. त्या काळच्या धर्मसमजुतीने स्त्रीपुढे चिता हेच कर्तव्य म्हणून ठेवले होते. मल्हाररावांनी विनवणी करून त्यांना थांबविले, आणि पुढे त्यांनी जगून जे केले तोच खरा यज्ञ ठरला. शंकराच्या नावाने हुकूम प्रजेला सुटत असे हे खरे. पण त्या नावाने प्रथम बांधली जाई ती हुकूम देणारी स्वतः.

म्हणून ईश्वरी इच्छेचे नाव कानी पडले, की एवढेच पाहावे : बोलणारा ओझे स्वतःच्या खांद्यावर घेतो आहे, की दुसऱ्याच्या? पहिले असेल तर ते आज्ञापालन होय. दुसरे असेल तर ती केवळ सत्ता होय.