उसन्या पैशाचें घर

परळांत गिरण्यांच्या जागीं आतां उंच इमारती उभ्या आहेत. त्यांतील एखादी जागा कर्ज काढून घ्यावी, ती भाड्यानें द्यावी, भाड्यांतून हप्ते फिटावे आणि निवृत्तीच्या सुमारास ती आपली व्हावी, असा बेत सुशिक्षित गृहस्थ हल्लीं सहज बोलून दाखवितात. अमेरिकेंत तर निवृत्तीच्या खात्यांतच असें घर कर्जानें घेतां येतें. धनकोचा हक्क त्या घरापुरता राहतो. आपल्याकडे भविष्यनिर्वाह निधींतून राहत्या घरासाठीं रक्कम काढतां येते, इतकेंच.

यांत लाभ किती, हें हिशेबनिसानें पाहावें. मला प्रश्न पडतो तो निराळा: असा मालक भाडेकऱ्याशीं वागणार कसा?

१९५२ च्या कायद्याच्या दहाव्या कलमानें भविष्यनिर्वाह निधीवर जप्ती आणण्यास धनकोस मनाई केली. म्हातारपणाची शिदोरी ऋणाच्या हातीं लागूं नये, ही त्यांतील दृष्टि. आणि येथें मनुष्य आपण होऊन आपलें म्हातारपण ऋणाच्या स्वाधीन करितो. शिवाय तें ऋण वाहावयास दुसऱ्यास लावितो.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारें अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. १९४७ च्या कायद्यानें चाळींचीं भाडीं १९४० च्या दरावर बांधून टाकिलीं होतीं. ज्या चाळमालकाच्या मानेवर हप्ता नव्हता, त्यास थकलेल्या भाड्यासाठीं थांबतां येत होतें. तो थांबलाच असेल असें मी म्हणत नाहीं. पागडी घेणारे आणि दुरुस्ती टाळणारे हे लोक कांहीं संत नव्हते. परंतु थांबण्याची मुभा त्यांस होती. कर्जदार मालकास ती नसते. भाडेकऱ्याची नोकरी सुटो कीं घरांत आजार येवो, हप्त्याची तारीख टळत नाहीं. दया करावयाची तर कोणाच्या पैशानें? मग निष्ठुरपणा हा त्यास आपला दोष वाटतच नाहीं. तो केवळ हिशेब वाटतो.

कर्जावांचून मुंबईंत मध्यमवर्गीयास घर कोठून मिळणार, असें कोणी म्हणेल. राहत्या घराविषयीं माझी तक्रार नाहीं. तेथें हप्ता चुकला तर झळ आपणांसच लागते. येथें ती आधीं दुसऱ्याच्या चुलीपाशीं पोंचते.

सल्ला विचारणारांस मी सांगतों कीं, वर्षाचे हप्ते निराळे ठेवा, म्हणजे भाडेकऱ्यास सवलत देण्याइतके तुम्ही मोकळे राहाल. बहुतेकांस हें व्यवहारशून्य वाटतें. एवढी रक्कम शिल्लक असती तर आम्हीं दुसरी खोली घेतली नसती काय, असें ते मलाच विचारतात.