भिंतीतली घट

हुपरीत एक आण्णा होते. पुढं सोपा, मागं पॉलिशची खोली, त्याच्या पलीकडं भट्टी. घर कुठं संपतं आणि कारखाना कुठं सुरू होतो ते परक्याला कळायचं नाही. चांदीच्या या गावात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. आण्णांचा पैंजणांचा धंदा होता. चांदी मुशीत आटवली की वजन, तार ओढली की वजन, कड्या झाळल्या की वजन, रिठ्याच्या पाण्यात घासून पैंजण उजळलं की पुन्हा वजन. प्रत्येक टप्प्याला चांदी थोडी कमी भरते, ती घट. ठरल्यापेक्षा ग्रॅमभर जास्त घट निघाली की आण्णा काटा पुन्हा लावत आणि कारागिराला समोर बसवून विचारत, "कुठं गेली सांग."

फरशीवरचा केरही त्यांच्याकडं बाहेर पडत नसे. हात धुतलेलं पाणी टिपाडात साठवायचं, खाली बसलेला गाळ राखायचा. कारागिरांची पायपुसणी फाटली की जाळून राख डब्यात. वर्षाकाठी झारेकरी यायचा, हा केर नि राख विकत न्यायचा, धुऊन-आटवून त्यातून चांदी काढायचा. आण्णांना चिक्कू म्हणणारे गावात होते, पण तसं म्हणणारेही आपला केर राखूनच ठेवत.

एका कार्तिकात सोप्यातल्या भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीला, तळहाताएवढी ओल दिसली.

"पावसाची हाय, वाळंल," आण्णा म्हणाले.

पौष उजाडला तरी ओल वाळेना. पावसाची ओल पाऊस थांबला की महिना-दोन महिन्यांत मागं हटते. ऐन थंडीत, कोरड्या हवेत जी वाढते, तिला रोज कुठून तरी पाणी मिळत असतं. सुनेला हे दिसलं होतं. ती म्हणाली, "मामा, आधी मोटर एकदा लावली की दिवस निघायचा. आता दोनदा लावतो. भिंतीतनं पाईप गेलाय, तो बघाय पायजे."

"तुम्ही पाणी लई सांडता," आण्णांनी निकाल दिला आणि रंगारी बोलावला.

नवा रंग महिनाभरात फुगला. पापुद्रे सुटले, खाली पांढरी पूड दिसू लागली. हा लोणा. विटेत आणि सिमेंटमध्ये क्षार असतात. मुरणारं पाणी ते विरघळवून पृष्ठभागाला आणतं, पाणी उडून जातं, क्षार मागं राहून रंगाला आतून ढकलतात. रंग कितीही भारी असो, तो मागून येणाऱ्या पाण्याला अडवू शकत नाही. आण्णांनी पुढच्या खेपेला पाणी न शोषणारा महागडा रंग लावला. भिंतीचं तेवढं तोंड बंद झालं, आणि ओल त्या रंगाच्या वर, वीतभर उंच, नव्या जागी उमटली. मग आण्णांनी कमरेपर्यंत टाईल्स बसवल्या. टाईल्सच्या वर डाग आला तेव्हा त्याच्यापुढं सागवानी कपाट सरकवलं. मध्ये एकदा शेजाऱ्याच्या न्हाणीवरून भांडूनही झालं. या सगळ्यात जो पैसा गेला, त्यात पाईप दोनदा बदलून झाला असता. पण पाईप दिसत नव्हता, डाग दिसत होता. आणि पाहुण्यांनाही डागच दिसणार होता.

त्या दिवसांत पेपरात काळम्मावाडी धरणाच्या गळतीची बातमी होती. दूधगंगेवरचं हे पंचवीस टीएमसीचं धरण. त्याच्या भिंतीतून पाणी झिरपत होतं हे जिल्ह्यात सगळ्यांनाच ठाऊक. आण्णा त्याच कपाटाला टेकून पेपर वाचत होते. "बघ की, एवढं पाणी भिंतीतनं चाललंय आणि सायेब लोक झोपल्यात," असं म्हणून त्यांनी पान उलटलं. सुनेनं चहाचा कप ठेवला आणि काही बोलली नाही.

पण नातवाचा हात कपाटाशेजारच्या बटणाला लागला आणि पोरगं किंचाळलं, तेव्हा ती गप्प बसली नाही. झटका हलका होता, निभावलं. भिंतीत पाण्याच्या पाईपशेजारून विजेची वायरही गेलेली असते, आणि ओल्या भिंतीला हे दोन्ही सारखेच. तिनं त्या भिंतीची लाईन मेन स्विचवरून बंद केली, वायरमनला निरोप धाडला, आणि रात्री दहाला घरातले सगळे नळ स्वतः आवळून गच्चीवर गेली. सिमेंटची टाकी पाच फूट लांब, चार फूट रुंद. आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला तिनं पेन्सिलीची रेघ मारली, झाकण लावलं, आणि खाली येऊन सगळ्यांना बजावलं, "सकाळी सहापातूर कुणी नळ सोडायचा न्हाई. लागंल ते पाणी बादलीत भरून ठेवलंय."

सकाळी पाणी रेघेच्या अर्धा इंच खाली होतं.

आण्णा हसले. "अर्धा इंच! त्यात काय मावतंय?"

ती चांदीच्या हिशेबाची वही घेऊन बसली. पाच गुणिले चार फुटांच्या टाकीत अर्धा इंच म्हणजे साडेतेवीस लिटर. आठ तासांत एवढं, तर दिवसाला सत्तर. जलजीवन मिशननं खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर पाण्याचं माप धरलंय. आण्णांची भिंत त्याहून जास्त पीत होती. महिन्याचा आकडा दोन हजार लिटरच्या वर गेला.

"मामा, एवढी घट चांदीत निघाली असती तर तुम्ही कुणाला घरी जाऊ दिलं असतं काय?" ती म्हणाली. "जे मोजत न्हाई, ते गेलेलं कळत न्हाई. आणि डाग झाकला म्हणून गळती थांबत न्हाई, ती आपल्यापास्नं लपती तेवढीच."

आण्णा उठले, कपाट ओढलं. मागची फळी कुजून काळी पडली होती. त्यांनी गवंडी बोलावून डागाच्या मधोमध भिंत फोडायला लावली. आत ओली वीट निघाली, पाईप निघालाच नाही. पाणी पाईपच्या अंगावरून, विटांच्या सांध्यांतून वाट काढत जातं आणि जिथं सोपं पडेल तिथं बाहेर येतं. गळतं एकीकडं, दिसतं दुसरीकडं. भोकाकडं बघत आण्णा बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "आता?"

"कारागिरांची घट कशी काढता?"

"टप्प्याटप्प्यानं. कुठल्या हातात गेली ते बघून."

"मग?"

टाकीतून तीन पाईप उतरत होते: स्वयंपाकघर, न्हाणी, कारखाना. प्रत्येकाला वरच वॉल होता. आता आण्णा स्वतः गच्चीवर चढले. पहिल्या रात्री स्वयंपाकघराचा वॉल बंद, पाणी उतरलं. दुसऱ्या रात्री न्हाणीचा, तरी उतरलं. तिसऱ्या रात्री कारखान्याचा बंद केला आणि सकाळी पाणी रेघेला टेकून होतं.

प्लंबरनं पॉलिशच्या खोलीत, सोप्यातल्या डागापासून सहा फूट लांब, नळाच्या वळणाशी भिंत उघडली. जुना लोखंडी पाईप, वर्षानुवर्षं तेजाबाच्या वाफेत राहिलेला. वळणावरचे आटे गंजून पातळ झाले होते आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकातून पाणी फवाऱ्यासारखं विटेवर मारत होतं. तेवढा सगळाच पाईप बदलला. गवंडी हजर होता, माल कालवून तयार होता, आण्णांना संध्याकाळच्या आत गिलावा हवा होता. सून आडवी आली. "आज रात्री रेघ बघायची. हलली तर परत फोडणार काय?" गवंड्याचा अर्धा दिवस वाया गेला, कालवलेला माल परड्यातल्या पायरीला लावून संपवला. सकाळी सगळे वॉल उघडे, सगळे नळ बंद, आणि रेघ जिथल्या तिथं.

पॉलिशच्या खोलीतले गिलाव्याचे आणि विटांचे तुकडे मात्र आण्णांनी उकिरड्यावर जाऊ दिले नाहीत. इतक्या वर्षांचे शिंतोडे त्या भिंतीवर होते. झारेकऱ्यानं घासाघीस करून ते पोत्यानं उचलले आणि प्लंबरची मजुरी त्यात सुटली.

सोप्यातली भिंत वाळायला वेळ लागणार होता. ओल्या विटेवर रंग चढवायचा नाही, हे आता आण्णाच सांगू लागले. पाडव्याला पाहुणे आले तरी भिंत उघडीच. शेजारी गुढीला नमस्कार करून आत आले, भोकाकडं बघून म्हणाले, "आण्णा, सणाला तरी रंग मारायचा हुता की."

आण्णांनी त्यांना बसायलाही सांगितलं नाही.

"तुमची मोटर दिवसातनं किती वेळा लावता?" त्यांनी विचारलं, आणि खिशातली पेन्सिल चाचपत ते शेजाऱ्याच्या गच्चीकडं निघाले.