‘प्रमाण’ आणि तृप्ती : एका मोजमापाची मीमांसा

पुरुषाच्या इंद्रियाचा आकार केव्हा ‘सामान्य’ मानावा आणि कामतृप्तीशी त्याचा संबंध कितपत, हा प्रश्न सहसा वैद्यकाकडे सोपविला जातो. वैद्यकाने त्याचे उत्तर दिलेही आहे. तरी तो पुन्हा पुन्हा विचारला जातो. उत्तर हाती असूनही जो प्रश्न शमत नाही, तो बहुधा माहितीचा नसून मूल्याचा असतो. ‘प्रमाण’ हा मराठीतील एकच शब्द या गुंत्याकडे पाहण्यास उपयोगी पडतो. प्रमाण म्हणजे माप. ‘प्रमाणभाषा’ या शब्दात दिसतो तसा अधिकृत आदर्श. दोन गोष्टींमधील परस्परसंबंध. आणि न्यायदर्शनाच्या परिभाषेत यथार्थ ज्ञानाचे साधन. यांतील पहिला अर्थ उरलेल्या तिन्ही अर्थांची जागा बळकावतो, तेव्हा आकाराची चिंता जन्माला येते.

प्रथम माप. २०१५ साली लंडनमधील संशोधकांनी १५,५२१ पुरुषांच्या, वैद्यकीय व्यावसायिकांनी घेतलेल्या मोजमापांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शिथिल अवस्थेतील सरासरी लांबी ९.१६ सें.मी. आणि ताठ अवस्थेतील १३.१२ सें.मी. आढळली, दुसऱ्या आकड्याचे प्रमाण विचलन १.६६ होते. म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश पुरुष साडेअकरा ते पावणेपंधरा सें.मी. या पट्ट्यात येतात. ताठ अवस्थेतील मोजमाप मात्र यांपैकी सातशेहून कमी पुरुषांचेच होते, ही मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. सरासरीहून अडीच प्रमाण विचलनांपेक्षा खाली असणाऱ्या लांबीला वैद्यकात स्वतंत्र संज्ञा आहे, कारण तिच्यामागे संप्रेरकांचा दोष संभवतो. तेथे मोजण्याला उपचाराचे प्रयोजन असते. चिंताग्रस्त पुरुषांतील बहुसंख्य या मर्यादेच्या आसपासही नसतात.

मग सरासरीचा आदर्श होतो कसा? ॲडॉल्फ केतले याने १८३५ साली ‘सरासरी माणसा’ची कल्पना मांडली, तेव्हा त्याने सरासरीत केवळ मध्य पाहिला नाही, निसर्गाचा हेतूही पाहिला. पुढे १९४३ च्या प्रबंधात जॉर्ज काँगिलेम याने नेमके याच ठिकाणी बोट ठेवले. कोणतीही सरासरी स्वतःहून आदर्श ठरत नाही. सजीव आपल्या परिस्थितीशी ज्या तऱ्हेने नाते जुळवितो, त्या नात्यात त्याची सामान्यता असते. वर दिलेल्या अभ्यासात सुमारे निम्मे पुरुष सरासरीच्या खाली असणारच. तो गणिताचा परिणाम आहे. त्याला पौरुषाचे न्यून म्हणणे हा वर्णनाचा आदेशात केलेला, अनुमतीवाचून झालेला अनुवाद होय.

‘कामसूत्रा’तील मांडणी या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगी आहे. वात्स्यायन शश, वृष आणि अश्व असे नायकाचे, तर मृगी, वडवा आणि हस्तिनी असे नायिकेचे प्रकार करतो. पण सूत्रात अंगुळांचा आकडा देत नाही. त्याचे लक्ष जोडीवर आहे. नऊ संभाव्य जोड्यांपैकी तीन सम आणि सहा विषम; श्रेष्ठ त्या सम. प्रमाण येथे दोघांमधील गुणोत्तर आहे, आणि गुणोत्तर एकट्याचे असूच शकत नाही. शिवाय प्रमाणाच्या जोडीला तो काल आणि भाव या आणखी दोन कसोट्या ठेवतो. या ग्रंथाचे उदात्तीकरण मात्र करू नये. विषम जोड्यांत तो ‘उच्च’ रताला ‘नीच’ रताहून वरचढ मानतो, आणि अखेरच्या अधिकरणात वृद्धीचे उपायही सांगतो. चिंता प्राचीनांनाही होतीच. फरक एवढाच की ती त्यांच्या विवेचनाचा एक कोपरा व्यापून राहिली, केंद्र झाली नाही.

याच अध्यायात एक वाद आहे, आणि खरा नैतिक प्रश्न तेथे उभा राहतो. स्त्रीला पुरुषासारखी तृप्ती लाभते काय, आणि लाभत असल्यास ते कळावे कसे? औद्दालकी शंका घेतो, बाभ्रव्याचे अनुयायी वेगळे मत देतात. वात्स्यायन उभयतांची जाती एकच असल्याने सुखही समान मानतो आणि नायिकेला आधी सुख मिळेल अशा रीतीने वागावे, असे सांगतो. ज्ञानाचे साधन या अर्थाने प्रमाण येथे प्रस्तुत होते. दुसऱ्याच्या तृप्तीचे प्रत्यक्ष होत नाही. अनुमान चुकू शकते. उरते ते शब्दप्रमाण, आप्ताचे वचन. आणि तिच्या तृप्तीविषयी आप्त एकच, ती स्वतः.

आकाराचा प्रश्न हे शब्दप्रमाण टाळण्याचा मार्ग पुरवितो. पट्टीला विचारले की तिला विचारावे लागत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, बावन्न हजारांहून अधिक भिन्नलिंगी स्त्री-पुरुषांच्या पाहणीत ८५ टक्के स्त्रिया जोडीदाराच्या आकाराबाबत समाधानी होत्या. स्वतःच्या आकाराबाबत समाधानी पुरुष ५५ टक्के होते. ही तफावत कोणा दोघांच्या नात्यात जन्मलेली दिसत नाही. पुरुष स्वतःला ज्या नजरेने पाहतो ती इतर पुरुषांची, चित्रांची आणि जाहिरातींची आहे. स्त्रीच्या सुखाचे मुख्य केंद्र कोठे आहे, हे १९६६ च्या मास्टर्स आणि जॉन्सन यांच्या अभ्यासानंतर अज्ञात राहिलेले नाही. तरी मराठी शरीरशास्त्रीय परिभाषेत त्या अवयवाला ‘शिश्निका’ म्हणतात! तिच्या सुखाचे नावदेखील त्याच्या इंद्रियाचे लघुरूप करूनच घडविले जावे, यात भाषेने मोजपट्टी कोणाच्या हाती दिली ते उघड होते.

म्हणून ‘आकाराला महत्त्व नाही’ हे दिलाशाचे वाक्यही अपुरे ठरते. ते वजाबाकीच्या चिन्हासह तोच निवाडा देते, आणि एखाद्या स्त्रीला खरोखरच काही वेगळे सांगायचे असेल तर तिचे तोंड आधीच बंद करते. दुसरीकडे, भ्यालेल्या पुरुषाची थट्टा करणेही अन्यायाचे आहे. त्याच्या मौनावर भिंतींवरच्या जाहिराती जगतात. कामसुखाची क्षमता वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधजाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई केली, तरी त्या संपल्या नाहीत. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्या’तून वाचकांच्या अशा खासगी प्रश्नांना उघड उत्तरे देत. त्या उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर खटला चालला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. बोलणे हाच तेव्हा गुन्हा ठरला होता.

शब्दप्रमाणाला एक पूर्वअट असते : बोलणाऱ्याला निर्भयपणे ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. जेथे पत्नीच्या नाराजीच्या शब्दाला निर्लज्जपणा आणि पतीच्या शंकेच्या शब्दाला नामर्दपणा मानले जाते, तेथे दोघांपैकी कोणीच आप्त होऊ शकत नाही. अशा घरात सेंटिमीटरच तेवढे बोलतात, आणि त्यांना तृप्तीविषयी काही ठाऊक नसते.