तुकडी आणि पातळी

आमच्या शाळेत 'अ' तुकडी हुशारांची, 'ड' तुकडी 'ढ' मुलांची. पाचवीत मिळालेली तुकडी दहावीपर्यंत सुटत नसे. मी 'अ'मध्ये, शेजारचा मित्र 'ड'मध्ये. म्हणून 'प्रथम' संस्थेची पद्धत वाचून आधी रागच आला: तिसरी ते पाचवीची मुलं इयत्तेनुसार नव्हे, तर अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट, काय वाचता येतं त्यानुसार बसवायची. पण हे गट दिवसातल्या एक-दोन तासांपुरतेच असतात आणि मूल पुढे सरकलं की गट बदलतो. शब्दही न वाचता येणाऱ्याच्या हाती पाचवीचं पुस्तक देणं ही समता नव्हे. प्रश्न वेगळं बसवण्याचा नाही, तिथून उठता येतं का, याचा आहे. माझ्या मित्राला काय येतं, हे पाचवीनंतर कुणी पुन्हा पाहिलंच नाही.