पहिली पावती



श्रावस्तीच्या अनाथपिंडिक व्यापाऱ्याने जेतवन घेण्यासाठी भूमीवर नाणी अंथरली. दाराजवळचा तुकडा उरला, तो राजकुमार जेताने स्वतःच दान दिला. एकाचे दान पाहून दुसऱ्याला दानाची बुद्धी झाली.

आपल्या वस्तीतही पावतीपुस्तकावरील दुकानदाराचा पहिला आकडा पाहूनच बाकीचे आपला आकडा ठरवतात. मग ते पहिले पान दारूवाल्याला का द्यावे? शस्त्र, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार तथागतांनी उपासकांना वर्ज्य सांगितला आहे. ज्या पैशाने आपले संसार मोडले, त्याच पैशाने विहार उभारायचा काय?

१९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी प्रत्येकाकडे मिळकतीचा विसावा भाग मागितला. पहिली पावती आपल्या घामाची फाडा.

जय भीम!