पडशीचे वजन

ज्येष्ठ लागला की घरोघरी माळ्यावरच्या पडश्या-पिशव्या खाली येतात. प्रस्थानाला अवकाश आहे तोवर एक व्यवहाराची गोष्ट बोलून घेऊ. वारीला काय न्यावे हे सगळे सांगतात. काय नेऊ नये, हे कोणी सांगत नाही.

संस्कृतात पाथेय असा शब्द आहे. पथिन् म्हणजे वाट. वाटेवर जे उपयोगी ते पाथेय. आपण त्याला शिदोरीपुरता बांधून ठेवला. त्याच्या उलट परिग्रह. परि म्हणजे चोहोकडून, ग्रह म्हणजे धरणे. पतंजलींनी पाच यमांत अपरिग्रह घातला, तो संन्याशांसाठी, अशी आपली समजूत. मी म्हणतो, दिवेघाट चढणाराने तो आधी शिकावा!

माझीच फजिती ऐका. दोन वर्षांच्या खंडानंतर २०२२ साली पायी वारी पुन्हा निघाली. आनंदाच्या भरात मी पडशी भरली : मोठ्या टाइपाची सार्थ ज्ञानेश्वरी, गाथा, पितळी तांब्या, चार धोतरे, वर वडिलांची घोंगडी. घाटात सर आली. घोंगडी भिजली आणि पाणी पिऊन दुप्पट झाली. सासवडला पोचलो तेव्हा उजवा खांदा बधिर. रात्री कीर्तनाला उभा राहिलो तर चिपळीचा हात वर जाईना. दिंडीतल्या एका माउलीने सकाळी ती पडशी वाण्याच्या काट्यावर नेऊन ठेवली. साडेअकरा किलो! म्हणाली, “बुवा, ज्ञानेश्वरी तुम्हाला पाठ आहे ना? मग पाठीवर कशाला?”

मी हसलो खरा, पण ते बोलणे लागले. तेव्हापासून मी या शास्त्राचा थोडा अभ्यास केला आहे, तो सांगतो.

प्रत्येक जिन्नस घरीच तराजूत घालावा. अंदाजाने काही कळत नाही. पावशेर-पावशेर म्हणता म्हणता मण होतो. धडधाकट चालणाराने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त उचलू नये. आम्हा म्हाताऱ्यांना दहावा हिस्सा पुरे. साठ किलोच्या माणसाला सहा किलो, आणि तेही पाण्यासकट. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वारीच्या वाटेवर ठिकठिकाणी टँकर उभे असतात, मग दोन-दोन बाटल्या कशाला?

पिशवी सर्वांत शेवटी घ्यावी. आधी सामान ठरवावे, मग त्याच्या मापाची पिशवी. मोठी पिशवी घेतली की माणूस ती भरतोच. दुकानदार दहा कप्पे, पंधरा बंद दाखवतो. त्या बंदांचेही वजन असते, बरं का. मात्र कमरेचा रुंद पट्टा असावा. त्याने भार खांद्यावरून कमरेवर उतरतो. जड वस्तू पाठीला लगटून ठेवावी, बाहेरच्या अंगाला ठेवली तर ती माणसाला मागे ओढते. आणि पिशवीच्या आत एक मोठी प्लॅस्टिकची थैली घालून तिच्यात कपडे ठेवावेत. वरच्या आवरणापेक्षा हा उपाय पक्का.

पितळ हे ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड, तेव्हा तांब्या बदलला. घोंगडी मात्र सोडताना जीव तुटला. लोकर ओली झाली तरी ऊब देते, हा तिचा गुण आहेच. पण पावसासाठी पातळ प्लॅस्टिकचे इरले पावशेराचे. नव्या वहाणा प्रस्थानाच्या दिवशी पायात घालू नयेत. चालून पाय सुजतात, म्हणून जरा सैल घ्याव्यात आणि महिनाभर आधी वापराव्यात. पायातले वजन पाठीवरच्या वजनापेक्षा जास्त थकवते.

कोणी म्हणेल, आता दिंडीचे ट्रक आहेत, वळकट्या त्यांत जातात. जातात, पण ट्रक गर्दीत अडकला की मुक्कामी अपरात्री पोचतो. एक कोरडे धोतर, एक चादर, औषधे आणि मीठ-साखरेची पुडी स्वतःजवळच हवी. इथे हलकेपणाचा हट्ट नको. काहीच न आणणारा आणि रात्री शेजाऱ्याची चादर ओढणारा माणूस हलका नव्हे. त्याचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर असते.

अमेरिकेत एम्मा गेटवूड नावाची बाई होऊन गेली. अकरा मुलांची आई. १९५५ साली, सदुसष्टाव्या वर्षी, अपालाचियन डोंगरांची दोन हजार मैलांहून लांब पायवाट ती एकटी चालली. घरी शिवलेली एकच पिशवी खांद्यावर, पायांत साधे कापडी बूट, पावसाला न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. नंतर आणखी दोनदा तीच वाट चालली. तिला कोणी वारकरी म्हटले नाही, एवढेच.

ग्रंथांचे सांगायचे राहिले. खरे सांगतो, ते मी पाठांतरासाठी नेत नव्हतो, भीतीने नेत होतो. अलीकडे चरण विसरतो. कीर्तनकाराला याहून मोठे भय नाही. २०२३ साली दोन्ही ग्रंथ घरी देवापुढे ठेवले आणि कीर्तनापुरते अभंग चाळीस पानी वहीत उतरून नेले. पडशी पाच किलोची झाली. नातेपुत्याला उभा राहिलो आणि व्हायचे तेच झाले. दुसरा चरण आठवेना. वही राहुटीत. मी टाळकऱ्यांकडे पाहिले, ते समजले आपल्याला पुढे धरायचे आहे. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका म्हातारीने तो चरण उचलला, मग सगळ्यांनी. मी गप्प उभा राहून ऐकत होतो.